फॉल्ट रजिस्टर

"जरा टोक धरता का?"

काकांची आणि माझी ओळख या वाक्यानं झाली. कोथरूडातल्या निम्म्या लोकांची त्यांच्याशी ओळख याच वाक्यानं झालेली आहे. सकाळी साडेसातला मी दुधाच्या पिशव्या घेऊन डहाणूकर कॉलनीच्या बाजूनं घरी चाललो होतो. फूटपाथच्या कडेला एक गृहस्थ उकिडवे बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा, कानावर पेन्सिल आणि शेजारी स्टँडवर लावलेली काळी सायकल. म्हातारा माणूस रस्त्यात उकिडवा बसलेला दिसला की चाव्या पडल्या असतील असं समजून आपण थांबतो. मी थांबलो. तिथंच चुकलो. त्यांनी स्टीलच्या टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि ते पाठमोरे न होता, माझ्याकडे बघत बघत, मागे मागे चालत गेले.

"एक मीटर चाळीस," ते तिकडून ओरडले. "सायकल मार्ग आहे. नियमानं निदान दोन मीटर पाहिजे." मग टेप गुंडाळत जवळ आले आणि जणू काही फरक मीच पिशवीतून घरी नेत होतो अशा नजरेनं मला विचारलं, "बाकीचे साठ सेंटिमीटर कुठं गेले?"

चौकशी केली तर ते आमच्याच सोसायटीतले, सी विंगचे निघाले. पुण्यात हे असंच असतं. शेजारी भेटायला दोन चौक लांब जावं लागतं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. 'बीएसएनएल' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. २००० साली खात्याचं निगम झालं, ही गोष्ट त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही. खातं म्हणजे खातं. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लाइन कुठं तुटली ते शोधून काढायचं. मुलाच्या बारशाला टेलिफोनचा नंबर लावावा आणि त्याच्या मुंजीच्या आमंत्रणांना फोन यावा, अशा काळातले ते अधिकारी. फोन डेड झाला की लोक शेजारच्या घरातून १९८ फिरवायचे, पलीकडून एक डॉकेट नंबर मिळायचा आणि तो नंबर देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर लिहिला जायचा. त्या नंबराचं दुसरं टोक काकांच्या टेबलावर, लाल पाठीच्या फॉल्ट रजिस्टरमध्ये असे.

निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, हास्यक्लबात जातात किंवा वर्तमानपत्रात पत्रं लिहितात. काकांनी एक कोरं रजिस्टर विकत घेतलं, त्याला लाल पाठ चिकटवली आणि कोथरूडातल्या सायकलवाटांचे फॉल्ट त्यात उतरवायला सुरुवात केली. डॉकेट नंबर, ठिकाण, स्वरूप, कोणास कळवले, फॉल्ट दूर झाल्याची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक पानांवर नव्या वहीसारखा आहे.

"हे बघा सचिव," ते मला म्हणतात. मी सोसायटीचा सचिव झाल्यापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आहे. "मला पस्तीस वर्षांत एकाही ग्राहकानं विचारलं नाही, की काका, तुम्ही किती किलोमीटर केबल टाकलीत? ग्राहक एवढंच विचारतो, टोन आहे का? खडकवासल्यापासून खडकीपर्यंत केबल टाका. मध्ये एक जॉइंट गेला, की राहिलेली सगळी केबल म्हणजे जमिनीत पुरलेलं तांबं. आपल्याकडे सायकल ट्रॅकचे किलोमीटर मोजतात. मी तुटी मोजतो."

हे एकदा पटलं की माणूस कोथरूडात सुखानं चालू शकत नाही. मला पटलं, हे माझं दुर्दैव.

काकांचा सगळा शब्दसंग्रह खात्याचा. सायकल मार्ग मध्येच संपला तर 'ओपन'. मार्गावर गाडी उभी असेल तर 'शॉर्ट'. मोटारसायकलवाला सायकल ट्रॅकमधून हॉर्न वाजवत आला तर 'क्रॉस कनेक्शन'. डीपी रस्त्यावरून जाताना ते हमखास एक विनोद करतात, आणि तो करण्याआधी स्वतःच हसायला लागतात. "आमच्या खात्यात डीपी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन पॉइंट, महापालिकेत डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, आणि नातवाला विचारलं तर डीपी म्हणजे त्याचा फोटो. तिघांत खरा अपडेट फक्त नातवाचा!"

त्यांना गप्प करणारा माणूस सोसायटीत एकच, ए विंगमधले निवृत्त प्राध्यापक. "पण कर्वे रस्ता खोदायला सुरुवात कोणी केली? तुमच्याच खात्यानं ना?" हे ते दर दोन महिन्यांनी विचारतात. काका पहिल्यांदा थोडे खजील होतात, मग सावरतात. "खोदला. नाही म्हणत नाही. पण खोदायच्या आधी बुजवायचे पैसे महापालिकेत भरायचो. पावती असायची." पावती म्हटलं की पुण्यात वाद संपतो. खड्डा बुजला की नाही, हा वेगळा विषय.

२०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं, आणि २०३१ पर्यंत शहरातल्या शंभर फेऱ्यांपैकी पंचवीस सायकलवर, असं त्याचं स्वप्न. मसुद्यावर नागरिकांच्या सूचना-हरकती मागवल्या होत्या. लोक अर्धं पान लिहितात. काकांनी ३८ पानं दिली, ट्रेसिंग पेपरवरच्या नकाशांसह. पहिलंच वाक्य असं होतं, 'माझी आराखड्यास हरकत नाही, आराखड्यातील भोकांस आहे.' आराखडा चांगलाच आहे, असं ते आजही ठासून सांगतात. त्याची छापील प्रत त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घालून पंचांगाशेजारी ठेवली आहे, आणि पंचांगासारखीच ती रोज उघडून ते आज काय योग आहे ते बघतात. "२०३१ साली मी ब्याऐंशीचा होईन. माझं काही नाही, मी चालवीन. टोन यायला पाहिजे."

त्याच डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधला मोबाइलनं कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या. चकचकीत, रंगीत. तरुण मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढत होती. मी काकांना आनंदानं म्हटलं, चला, सुरुवात तर झाली. काकांनी चष्मा काढून पुसला. "आधी हँडसेट वाटतायत. केबल नंतर टाकणार." पुढं दीड-दोन वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. काहींना लोकांनी घरची कुलपं लावली, काही नदीत सापडल्या. काकांना त्याचा आनंद झाला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. फॉल्ट आधी सांगितला होता म्हणून लाइन गेल्याचा आनंद मानणारा माणूस खात्यात टिकत नाही.

"भाड्याची सायकल आमच्या वेळेलाही होती," ते एवढंच म्हणाले. "तासावर. दुकानदार वहीत नाव लिहायचा. डिपॉझिट म्हणजे वडिलांचं नाव. ती नदीत टाकायची टाप नव्हती कोणाची. रात्री दिवा नसला तरी पोलीस हवा सोडायचा."

एकदा त्यांनी मला 'इन्स्पेक्शन'ला नेलं. कोथरूड ते डेक्कन. मी माझ्या मुलाची जुनी गिअरची सायकल घेतली. ते त्यांच्या काळ्या सायकलवर, कॅरियरला रजिस्टर बांधून. ती सायकल इतकी सरळ उभी असते आणि तिच्यावर ते इतके सरळ बसतात, की मागून पाहणाऱ्याला एखादा शाळा तपासणीस चालला आहे असं वाटावं. आम्ही ज्या चार-सहा किलोमीटरला निघालो होतो त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, कारण सायकल चालवणं हा त्यातला किरकोळ भाग होता. दर दोनशे पावलांवर काका उतरत. मी टोक धरत असे. ते पेन्सिलीनं नोंद करत. त्यांच्या नोंदी तारेच्या भाषेत असतात, एकेका शब्दाचे पैसे पडणार असल्यासारख्या:

'क्र. १७. ट्रॅक संपतो. पुढे शहाळेवाला. शहाळेवाला सज्जन. शहाळे घेतले.'

'क्र. ४१. वड. काढू नये. ट्रॅक वळवावा. वळवण्यास जागा आहे. इच्छा आढळली नाही.'

'क्र. ६३. लोखंडी खांब रोवले. दोन खांबांत ५२ सेंटिमीटर. हेतू, मोटारसायकल येऊ नये. मोटारसायकल शेजारून येते. सायकल अडते.'

'क्र. ९०. वाढदिवसाचा फ्लेक्स. सांगाडा ट्रॅकमध्ये. उत्सवमूर्ती हसतमुख.'

कर्वे पुतळ्याच्या चौकात सिग्नलला उभं असताना एक बस आमच्या कोपराला चाटून गेली. काकांनी पुतळ्याकडे बघितलं. "अण्णासाहेब हिंगण्याच्या झोपडीतून रोज फर्ग्युसनला चालत जायचे शिकवायला. पावसात, चिखलात. आणि जगले किती? एकशे चार वर्षं." मी म्हटलं, चालण्याचा व्यायाम. "तो आहेच," काका म्हणाले, "पण मुख्य म्हणजे तेव्हा हा चौक नव्हता."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी एकदम हॉर्न दिले, ते आम्हा दोघांनाच उद्देशून होते.

मेट्रोवर मात्र काकांचा लोभ आहे. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, आणि मेट्रोत सायकल नेता येते असं कळल्यावर काका दुसऱ्याच दिवशी काळी सायकल घेऊन लिफ्टनं वर गेले. डब्यात सायकलचं हँडल धरून ते उभे, आणि आजूबाजूला पहिल्या प्रवासाचे सेल्फी काढणारे लोक. निम्म्या लोकांच्या सेल्फीत काका आहेत. परत आल्यावर त्यांनी रजिस्टरमध्ये शोध लिहिला, 'वनाज ते गरवारे. पाच किलोमीटर. एकही फॉल्ट नाही. शहरातील एकमेव अखंड सायकल मार्ग. सायकल चालवावी लागत नाही.'

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. देशोदेशींचे सायकलपटू येणार म्हणून शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते असे गुळगुळीत झाले, की लोक गाडी थांबवून डांबर बघत होते. काका सकाळीच जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. झुंडीनं आलेले ते रंगीत कपड्यांतले खेळाडू निमिषभरात निघून गेले. काका बराच वेळ मोकळ्या रस्त्याकडे बघत होते. "सायकलसाठी रस्ता करता येतो, हे सिद्ध झालं," ते शेवटी म्हणाले. "अट एवढीच, की सायकलवाला परदेशातून आला पाहिजे आणि आठवड्याच्या आत परत गेला पाहिजे."

या माणसाला नुसता कुरकुऱ्या समजू नये. कुरकुऱ्या दुसऱ्याला टोक धरायला सांगत नाही. तो लांबून बोलतो. काका गुडघ्यावर बसतात, आणि उठताना त्यांना हात द्यावा लागतो.

मुलगी नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला असते. एक उन्हाळा काका-काकू तिच्याकडे राहून आले. लोक ट्युलिपचे फोटो दाखवतात. काकांनी सोसायटीच्या हॉलमध्ये 'उट्रेख्त स्टेशनचा सायकलतळ' या विषयावर स्लाइड शो ठेवला. नंतर बटाटेवडे आहेत, असं सूचनाफलकावर लिहिल्यामुळे उपस्थिती चांगली होती. स्टेशनच्या पोटात तीन मजली तळ, साडेबारा हजार सायकली, जगातला सर्वांत मोठा, २०१९ साली पुरा झालेला. सायकलवर बसूनच आत शिरायचं, दिवे सांगतात कुठल्या ओळीत जागा आहे. फोटोत काकू एका कोपऱ्यात अशा उभ्या होत्या, की त्यांना कोणी चुकून तिथं लावून गेलं असावं. काका हळूहळू रंगात आले. तिकडचे लोक सायकलचं जाळं आखताना पहिली गोष्ट बघतात ती सलगपणा. वाट सुंदर नसली तरी चालेल, तुटता कामा नये. आणि हे त्यांच्या रक्तात वगैरे नव्हतं बरं का. साठ-सत्तरच्या दशकात तिथंही मोटारींनी रस्ते गिळले होते, मुलं गाड्यांखाली जात होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले.

हॉल शांत झाला होता. काकांनी प्रश्न विचारायला सांगितलं.

"पार्किंगचे किती घेतात?" पहिला प्रश्न.

"पहिले चोवीस तास फुकट."

सभेत पहिल्यांदाच कौतुकाची कुजबुज झाली.

"पण तिकडे चढ नसतो हो," ए विंगचे प्राध्यापक. "इथं चांदणी चौकाकडे जाऊन दाखवा. आणि घामाचं काय? ऑफिसात शेजारी कोण बसेल?" मग पाऊस, मग कुत्री, मग कोणाच्या तरी मेव्हण्याचं हँडलचं हाड मोडल्याची गोष्ट (हाड मेव्हण्याचंच होतं, सांगणाऱ्याच्या उत्साहात ते हँडलचं झालं), आणि मग बटाटेवडे.

चढाचं उत्तर काकांकडे होतं, पण ते त्यांनी वड्यांच्या गर्दीत दिलं नाही. मला नंतर जिन्यात दिलं. कर्वेनगराच्या अंगानं जो कॅनॉल रस्ता जातो, तो मुळात खडकवासल्याच्या जुन्या डाव्या कालव्याचा. पाणी केव्हाच बंद झालं. पण कालवा खणणाऱ्यांनी जमिनीची लेव्हल धरून खणलेला असतो. "पाणी चढत नाही, सचिव. म्हणजे कालव्याच्या काठानं जाणाऱ्या सायकललाही चढ लागत नाही. कोथरूडचे सगळे चढ टाळून जाणारी वाट इंग्रज मारून ठेवून गेलेत. फक्त तिला गल्ल्या जोडायच्या. नवा रस्ता नको, पूल नको. जॉइंट मारायचे." जिन्यातल्या मंद दिव्यात त्यांचा चेहरा असा दिसत होता, की यांना जमिनीखाली गाडलेली जिवंत केबल सापडली आहे.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर चौदा सायकली आहेत. पंप गंजलेले, सीटवर धुळीचा थर, साखळ्या एकमेकींत अडकलेल्या. मालक सॅन होजे, डॅलस, सिडनी आणि एक बंगळुरू. नव्या चारचाकीवाल्यांना जागा हवी म्हणून एकदा ठराव आला की मालकांनी पंधरा दिवसांत सायकली न्याव्यात, नाहीतर भंगारात देण्यात येतील. सभेत जो गोंधळ झाला तसा लिफ्टच्या खर्चावरूनही झाला नव्हता. "असू दे हो, तो डिसेंबरात येतोय," असं एक आई म्हणाली आणि पाठोपाठ आणखी चार. तो डिसेंबरात येतो, आणि गेटवर कॅब मागवतो. ठराव बारगळला. काका तेव्हा काही बोलले नाहीत. पण दर रविवारी सकाळी ते खाली उतरतात आणि पायपंपानं एकेका सायकलीत हवा भरतात. चौदाच्या चौदा. का, असं विचारलं तर म्हणाले, "टोन चेक करतो."

कर्वेनगरला सहवास सोसायटीत विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल आहे, ती पाहायला काका सोसायटीतल्या मुलांना घेऊन गेले होते. मुलांनी विचारलं, ही घेऊन खरंच विमानातून उडी मारायचे? "मारायचे. आणि खाली उतरून लगेच चालवायला लागायचे," काकांनी सांगितलं. "कारण तिथं फूटपाथची एवढी उंच कड नव्हती."

काकूंचं या सगळ्यावर एकच मत आहे. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉल्ट शोधले. मी पंचेचाळीस वर्षं यांचा शोधतेय. सापडत नाही, पण लाइन काही नीट लागत नाही." आणि त्यांची कायमची तक्रार म्हणजे दोरीवरचे चिमटे कमी होतात.

मग एका रात्री नऊ वाजता काका रजिस्टर घेऊन माझ्या दारात.

"सचिव, क्रमांक ११२. फॉल्ट आपल्या हद्दीत आहे."

मला काय ते कळलं. आमच्या आवाराच्या मागच्या भिंतीत एक छोटं लोखंडी दार आहे. पलीकडे बोळ, बोळातून पाच मिनिटांत कॅनॉल रस्ता. अलीकडे आमच्या आवारातून निघून पौड रस्त्याच्या दिशेनं जाणाऱ्या आतल्या गल्ल्या. चार वर्षांपूर्वी कोणाची तरी शेवंतीची कुंडी चोरीला गेली, सभेत खूप भाषणं झाली आणि ते दार बंद करायचा ठराव एकमतानं झाला. पाटी मी लिहिली होती. मला तिचा थोडा अभिमानही होता:

'हा दरवाजा कायमस्वरूपी बंद आहे. तो का बंद आहे असे कोणासही विचारू नये. — सचिव.'

काकांनी माझ्या टीपॉयवर ट्रेसिंग पेपर पसरला. कालव्यापासून निघालेली निळी रेघ गल्ल्यागल्ल्यांतून वाकत आमच्या भिंतीपाशी आली होती, आणि भिंतीच्या अलीकडून पुन्हा सुरू होऊन पार वरपर्यंत गेली होती. "दोन्ही बाजूंना सावली आहे, रहदारी नाही, चढ नाही," ते म्हणाले. "मध्ये तुमची सही आहे."

मी म्हटलं, पुढच्या वार्षिक सभेत विषय घेऊ.

"डॉकेट नंबर द्या."

"कसला नंबर?"

"तक्रार नोंदवली, तर नंबर नको?"

मी 'सोसायटी / १' असा नंबर दिला. त्यानंतर दर सोमवारी संध्याकाळी काका दारात. रागावलेले नसत, आवाज चढवत नसत, फक्त रजिस्टर उघडून पेन्सिल धरून उभे राहत. आणि मी काय बोलत होतो, ते माझं मलाच ऐकू येत होतं. विषय विचाराधीन आहे. सभासदांच्या भावना तीव्र आहेत. सुरक्षेचा मुद्दा आहे. चावी कोणाकडे ते बघावं लागेल. एका सोमवारी मी 'आपलं पत्र संबंधितांकडे पाठवलं आहे' असं म्हटलं. संबंधित म्हणजे मीच होतो. आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला.

सात सोमवार झाले. काकांनी सातही उत्तरं तारखेसह उतरवून घेतली.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचं पहाटेचं विमान होतं. तिला लोहगावला सोडून परत आलो, तेव्हा पाच वाजून गेले होते आणि अजून उजाडलं नव्हतं. गेटवरच्या केबिनमध्ये वॉचमन नव्हता. सचिवाचं रक्त उसळलं. मी गाडी तशीच लावून मागच्या बाजूला गेलो.

दार उघडं होतं. कुलूप खिळ्याला टांगलेलं. वॉचमन दार धरून उभा, आणि बोळातून सायकली येत होत्या. कॅरियरवर पेपरचे गठ्ठे बांधलेली दोन मुलं. दुधाचे क्रेट अडकवलेला एक. रात्रपाळी संपवून घरी चाललेला दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीचा वॉचमन. मग लेडीज सायकलवर आमच्याच डी विंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, हँडलला डबा. कोणी घंटी वाजवत नव्हतं. आमच्या इमारतींच्या मधल्या वाटेनं एकामागून एक सगळे सरळ निघून जात होते, जणू काही तीस वर्षं याच वाटेनं जात आहेत. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून काका बसले होते आणि खडूनं भिंतीवर रेघा ओढत होते. चार उभ्या, पाचवी आडवी.

मला बघून वॉचमन गारठला. "साहेब, पेपरवाल्या पोरांना लई वळसा पडतो. वरून मेन रोडनं यावं लागतं. साडेसहाला मी लावतो बंद, वॉकिंगवाले उठायच्या आत."

"कधीपासून चाललंय हे?"

तो खाली बघत म्हणाला, "पाटी लागली ना साहेब, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं."

मी काकांकडे वळलो. रजिस्टर त्यांच्या मांडीवर उघडं होतं. क्र. ११२. माझी सात उत्तरं, खालोखाल. शेवटचा रकाना कोरा.

"यात लिहिलं नाहीत?"

"लिहिलं की संबंधितांना कळवावं लागतं," काका खडू झटकत म्हणाले. "कळवलं की ते सभेत घ्यावं लागतं."

आम्ही तिघंही जरा वेळ काही बोललो नाही. मी दाराच्या बरोबर मध्ये उभा होतो, हे मागून घंटी वाजली तेव्हा लक्षात आलं. एवढ्या वेळात वाजलेली ती पहिलीच घंटी. मी बाजूला झालो.

"आलाच आहात, तर जरा टोक धरा," काका म्हणाले. मी चौकटीला टोक टेकवलं. ते खुर्चीवरून उठले, मी दुसरा हात दिला. "नव्वद," त्यांनी वॉचमनच्या बॅटरीत वाचलं. "हँडलला पासष्ट लागतात. पुष्कळ झाले." आणि पेन्सिल कानावर ठेवून रजिस्टर मिटलं.

घंटी वाजवणारा पोरगा एक पाय जमिनीला टेकवून थांबला होता. त्यानं गठ्ठ्यातून एक पेपर ओढला.

"बी सहाशे दोन ना, साहेब? हातातच घ्या. माझा जिना वाचला."